आधी तुपाचे पत्रे

३ ऑक्टोबर १९७७, दौंड

कामाचा अहवाल शेठना वेगळा द्यायचा आहे. ही वही माझ्यापुरती.

सकाळी अर्देशीरशेठांनी मुख्य भट्टीवर बोलावून काम समजावलं. इस्फहान बेकरीची तीन दुकानं आहेत. दौंडचं त्यांच्या वडिलांच्या वेळचं, यवतचं मधलं आणि शिरूरचं यंदा जूनमध्ये उघडलेलं. शिरूरचं चालत नाही. शेठ इराणी, मराठी बोलतात, पण आपल्या पद्धतीनं. "माल कसा बनवायचा ते मला येते. गिऱ्हाईक एकदा येते, परत का नाही येत, ते नाही समजत. मी समोर उभा राहिला की सगळे चांगलंच बोलते. तू पुण्यात बेकरीचा कोर्स केला, लेडीज आहे, बायका तुझ्याशी बोलेल. ऐकून घे आणि सुधार." दिवाळीपर्यंत शिरूरच्या दुकानाला गिऱ्हाईक लागलं तर ते दुकान माझ्याकडे. नाही लागलं तर बंद.

कोर्सला मुलगी मी एकटीच होते. तिथं जे शिकले ते वापरायची ही पहिली संधी.

संध्याकाळी दादांना सांगितलं. दादा, माझे वडील, लोको शेडमध्ये फिटर आहेत. म्हणाले, "आपण होऊन सगळं सांगत बसायची गरज नाही. विचारलं तर खोटं बोलू नकोस." सल्ला मोजका आहे. पाळायला अवघड नाही.

६ ऑक्टोबर, यवत

दिवसभर काउंटरमागे उभी राहिले. ट्रकवाल्यांना पाव कडक हवा, चहात बुडवल्यावर तुटू नये म्हणून. एकानं मला तुटलेला तुकडा कपातून काढून दाखवला. "बाई, ह्यो बघा, बुडून मेला." गावातले लोक पाव घेतात तो घरी कुणाला ताप आला तरच. एक आजोबा दोन पाव बांधून घेताना शेजाऱ्याला म्हणाले, "न्हाई न्हाई, मी बरा हाय, म्हातारीला घेतलाय." म्हणजे पाव घेणं ही खुलासा करण्याची गोष्ट आहे. हे शेठना सांगण्यासारखं.

११ ऑक्टोबर, शिरूर

इथं शिरूरपेक्षा घोडनदी म्हटलं की लोकांना लवकर कळतं. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंबरोबर खोली मिळाली आहे.

भट्टी हरिबामामा सांभाळतात. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. "मेंढरं गेली, ऊब ऱ्हायली," म्हणतात. कामाला चोख, पण उघड्या हातानं बिस्किटं उचलतात. मी आल्याआल्या चिमटा आणि कागद लावून दिला.

दुपारी पुतळाबाई आल्या. बाजारपेठेमागं त्यांचा मोठा वाडा आहे, मळा आहे, आणि त्या जे घेतात ते आळीतल्या बायका घेतात, असं मामा म्हणाले. दुकानात येऊन त्यांनी आधी चारी भिंती पाहिल्या.

"पाव पायानं तुडवत्यात म्हनं?"

मी त्यांना आत नेऊन पीठ मळायची लाकडी काठवट दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं.

"आन् अंडं?"

"केकमध्ये असतं. नानकटाईत नसतं."

"तुमी कुठल्या म्हनायच्या?"

"दौंडची. शशिकला मोरे."

"मोरे. आसं का." थोडं थांबून, "बरं, बरं."

नानकटाई चाखायला दिली तर म्हणाल्या, हातानं नको, त्या म्हाताऱ्याला कागदावर ठेवायला सांगा. मामांनी ठेवली, मग खाल्ली. स्वच्छतेची इतकी जाण असलेलं गिऱ्हाईक मला दौंडलाही दिसलं नव्हतं. चहा मागवला, तो घेतला नाही. उपास आहे म्हणाल्या. उपासाला नानकटाई चालत नाही आणि चहा चालतो अशी माझी समजूत होती. प्रत्येक घराची पद्धत वेगळी असेल.

जाताना, "आमचं पीठ, आमचं तूप आनलं तर भाजून दिताल का? डोळ्यांदेखत?"

१५ ऑक्टोबर

शेठनी परवानगी दिली. ही पद्धत दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये आहेच. बायका घरून मैदा, पिठीसाखर आणि तूप आणतात, दुकानात बसून मळतात, पत्र्यावर गोळे लावतात. आपण फक्त भाजून द्यायचं. दिवाळीच्या आधी याला फार मागणी असते.

आज पहिली भट्टी लावली. पुतळाबाईंच्या आळीतल्या बायका आल्या. त्यांच्यात एवढी बडबड झाली की मामा बाहेर जाऊन बसले. कुणाच्या सासूनं साखर मोजून दिली होती, ती सून सगळ्यांना पुरचुंडी दाखवत होती. "बघा, मुंगीला सुदिक पुरायची न्हाई." प्रत्येकीनं आपल्या पत्र्यावर ओळखायला खूण केली: कुणी बांगडीचा ठसा, कुणी करंगळीचं टोक. नानकटाया छान फुगल्या, वर चिरा पडल्या. जाताना सगळ्यांनी खारी आणि पाव पण नेले. जूननंतर पहिल्यांदाच कपाट रिकामं झालं.

पुतळाबाई म्हणाल्या, "बाई हुशार हाय आपली." आपली म्हणाल्या, हे लिहून ठेवते.

१८ ऑक्टोबर

आज गर्दी जास्त झाली. बौद्ध वस्तीवरच्या चौघी डबे घेऊन आल्या. त्यांच्यात सोजरबाई म्हणून एक उंच, सावळ्या, वयानं आईएवढ्या बाई आहेत. त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. मी काम करत राहिले.

बायका आपोआप दोन बाजूंना बसल्या. काउंटरपाशी एक गट, पायरीवर एक. पत्रे भट्टीत एकत्रच गेले. नंतर पुतळाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वस्तीवरच्यांचं तेवढं मागनं घ्या. आमी काय म्हनत न्हाई, काळ बदललाय. पर गर्दी हुती ना. बायका म्हंत्यात, घरीच चुलीवर करू मंग."

मी म्हटलं, विचार करते.

१९ ऑक्टोबर

विचार केला. प्रश्न गर्दीचा आहे आणि गर्दीला क्रम लावावा लागतो. क्रमाला कारण लागतं.

भट्टीची आच पाव काढल्यावर सारखी उतरत जाते. तूप लवकर वितळतं, डालडा उशिरा. म्हणून तुपाचे पत्रे आधी, डालड्याचे उतरत्या आचेवर. आळीतल्या बायका तूप आणतात, वस्तीवरच्या डालडा. त्यामुळे क्रम आपोआप लागतो आणि कुणाला काही म्हणायची वेळ येत नाही. मी फळ्यावर खडूनं लिहिलं: आधी तुपाचे पत्रे, मग डालड्याचे.

मध्ये पुन्हा जाळ केला तर शेवटच्या पत्र्यांनाही पुरेशी आच मिळेल, हे मला माहीत आहे. पण लाकूड जास्त लागेल. शेठना विचारलेलं नाही.

मामांनी फळा वाचायला सांगितला. वाचून दाखवला. "व्हय का," म्हणाले आणि भट्टीत पत्रे सारायचं फावडं पुसत बसले.

२१ ऑक्टोबर, दौंड

दसरा. दुकान बंद, म्हणून घरी. आई पांढरं लुगडं नेसून दादांबरोबर विहारात गेली. मी गेले नाही. डोकं दुखत होतं. दुपारी थांबलं.

२६ ऑक्टोबर, शिरूर

नियम नीट चालू आहे. आळीतल्या बायका लवकर मोकळ्या होतात आणि खुश आहेत. वस्तीवरच्या उन्हं कलेपर्यंत पायरीवर बसतात. त्यांच्या नानकटाया थोड्या पसरतात, रंग फिका येतो. आच कमी असली की पीठ भाजून धरायच्या आत डालडा वितळून पसरतो. पुस्तकात दिलंय ते हेच.

म्हणजे वर एकोणीस तारखेला जे कारण लिहिलंय ते चुकीचं होतं. उतरती आच डालड्यालाही चालत नाही. कुठल्याच स्निग्ध पदार्थाला चालत नाही.

सोजरबाईंनी फळ्याकडे हात करून विचारलं, "बाई, आमचा डालडा गार भट्टीचा हाय व्हय?"

मी म्हटलं, "तांत्रिक कारण आहे."

"आसंल," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या."

बाकीच्या तिघी हसल्या. त्या हसल्या नाहीत.

३१ ऑक्टोबर

आजचं लिहायला नको वाटतं आहे. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

सोजरबाई सगळ्यांच्या आधी आल्या. डब्यात साजूक तूप. उघडताच दुकानभर वास सुटला. काउंटरपाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, आज तूप हाय. घरच्या म्हशीचं. दोन म्हयनं साठवलंय. उद्या माझ्या पोरीला बघाया पुण्याचं पाव्हनं येनार हायती. मास्तर हाय पोरगा. तवा आज माजा पत्रा आधी."

त्यांचं बरोबर होतं. नियम मीच लिहिलेला, त्यांच्या डोक्यावर फळ्यावर होता.

पुतळाबाईंनी तूप पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आता ही काय करते ते बघू, अशा नजरेनं.

मी सोजरबाईंच्या पत्र्यावरचा एक गोळा बोटानं दाबला आणि म्हटलं, "पीठ सैल आहे. जरा मुरू द्या. शेवटी घेऊ."

पीठ सैल नव्हतं. सगळ्यांत चांगलं मळलेलं ते होतं.

सोजरबाई म्हणाल्या, "मुरू द्या?"

"हो."

"बरं." पत्रा उचलून त्या पायरीवर जाऊन बसल्या. मांडीवर पत्रा, वर पदर धरलेला, माशा बसू नयेत म्हणून. शेंगेतल्या दाण्यांसारखे नीट ओळीनं लावलेले गोळे होते. त्या दुपारभर तशाच बसल्या. मी चार वेळा समोरून गेले.

त्यांचा पत्रा आत गेला तेव्हा भट्टीत हात धरता येईल एवढीच आच होती. नानकटाया चपट्या, पांढुरक्या निघाल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मामांनी त्या सुरीनं सोडवल्या. मी दुकानातल्या नानकटायांचा एक डबा भरून पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," सोजरबाई म्हणाल्या. "त्या तुमच्या. ह्या माझ्या लेकीच्या नावानं केलेल्या."

त्यांनी चपट्या भरून नेल्या.

१ नोव्हेंबर

आज कामात काही सुचलं नाही. पावाच्या एका घाण्यात मीठ घालायचं विसरले.

पाहुणे आले असतील.

दादांनी सांगितलं होतं, विचारलं तर खोटं बोलू नकोस. मला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि मी खोटं बोलले.

३ नोव्हेंबर

वस्तीवर गेले. कुणाला न विचारता सोजरबाईंचं घर सापडलं, कारण दारात ती म्हैस होती. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. आधी माफी, मग कारण, मग मी कोण ते.

त्यांनी चटई टाकली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बस पोरी. दमलीस का?"

दुकानात त्या मला तुम्ही म्हणतात.

"तुझ्या दादाला वळखते मी. दौंडच्या जयंतीला आमी समद्या ट्रक करून आलो हुतो. तू फ्रॉकमधी टेबलावर हुबी ऱ्हाऊन भाषन केलं हुतंस. येवढीशी. माईक खाली घेतला तरी पुरंना, तवा तुज्या बापानंच टेबल आनलं."

मला ते भाषण आठवतं. इथं लिहीत नाही.

"मावशी, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"समद्यांनाच ठावं हुतं. वस्तीवर पोरीबाळी सांगत हुत्या, बेकरीची बाई आपली हाय म्हनून."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत? मी खोटं बोलले तेव्हा?"

त्या चुलीत काटकी सारत होत्या. "आपली पोर खुर्चीवर बसलीया. दोन पत्र्यांसाठी तिला उठवायची का? म्हनलं, तिला तिची अडचन आसंल."

मी पाहुण्यांचं विचारलं.

"पसंत पडली. नानकटाई चहात बुडवून खाल्ली त्यांनी. बुडवल्यावर चपटी काय आन् फुगलेली काय." मग माझ्याकडे पाहून, "तोंड कशाला पाडतीस? नोकरी सांभाळ. दुकान तुज्या हातात आलं म्हंजी मंग बघ काय करायचं ते."

माफी मागायची राहिली. त्यांनी ती मागायला जागाच ठेवली नाही. शिव्या दिल्या असत्या तर परतीची वाट सोपी झाली असती.

५ नोव्हेंबर

पुतळाबाई दिवाळीच्या आधीच्या मोठ्या भट्टीची वेळ ठरवायला आल्या. दुकानात मामा आणि आम्ही दोघीच. मी सांगितलं की फळा पुसणार आहे. जी आधी येईल तिचा पत्रा आधी.

"का वो? बरं चाललंय की."

"बरोबर चाललेलं नाही. आणि दुसरं एक सांगायचं आहे. मी बौद्ध आहे."

हे वाक्य मी कालपासून मनात तयार करत होते. त्यांना धक्का बसेल, त्या उठून जातील, दुकान बंद पडेल, अशी सगळी तयारी केली होती.

पुतळाबाई म्हणाल्या, "आता गं बाई. ते काय मला ठावं न्हाई व्हय? माजा धाकला दीर दौंडला रेल्वेत हाय. मोरे फिटरची लेक, तुमी आला त्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही..."

"मंग काय? तुमी नेटकं वागता, कुनाच्या आंगावर येत न्हाई. आमीबी कवा काय म्हनलं का तुमाला?" त्या अगदी मनापासून, समजावणीच्या सुरात बोलत होत्या. "आन् खरं सांगू का, तुमी हुता म्हनून तर गोडीनं झालं. आमी म्हनलं आसतं त्यांचं मागनं लावा, तर उद्या कुनी तक्रार केली आसती. आता कायदाबी कडक झालाय. तुमी फळ्यावर लिवलं, तवा त्याचं शास्त्र झालं. तुमच्याच मान्साला कोन काय म्हननार?"

मामा भट्टीच्या तोंडाशी पाठ करून बसले होते. ते राख ओढत राहिले.

पुतळाबाई गेल्यावर मी जुन्या नोंदी वाचल्या. कागदावर ठेवलेली नानकटाई. उपास. "आपली." मी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं आणि त्यातलं मला काहीच कळलं नव्हतं. तेवढीच गोष्ट नाही. मी लपवते आहे असं फक्त मला वाटत होतं. दोन्ही बाजूंच्या बायकांना माहीत होतं. वस्तीवरच्यांनी मला सांभाळून घेतलं आणि आळीतल्यांनी वापरून घेतलं, आणि हुशारीचं श्रेय मी घेत होते.

६ नोव्हेंबर, दौंड

रविवार. दादांना सगळं सांगितलं. खालमानेनं सांगितलं, त्यामुळे त्यांचा चेहरा पाहिला नाही. म्हणाले, "सोजरबाई बरी आहे का? तिचा नवरा आमच्याबरोबर मोर्च्यात होता. फार लवकर गेला." आईनं ताट वाढलं. मी जेवले.

८ नोव्हेंबर, शिरूर

फळा काल रात्रीच पुसला. आज कारण विचारलं तर सांगायचं असं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

सोजरबाई सगळ्यांत आधी आल्या होत्या. पाव अजून भट्टीतच होते. पाहुणे पुन्हा येणार, बोलणी करायला, म्हणून पुन्हा पत्रा लावला होता. या वेळी डालड्याचा, तूप संपलेलं. आळीतल्या बायका आल्या तशा सोजरबाई उठून पायरीवर जाऊन बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी काउंटरवरून हाक मारली, "पहिला पत्रा सोजरबाईंचा."

त्या म्हणाल्या, "आमचं मागनं लावा, बाई. मला घाई न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि डोळ्यांनी मला गप्प राहायची खूण केली. माझा नियम मी पुसला होता, पण तो त्यांच्या बसण्याउठण्यात राहिला होता. कदाचित माझ्याआधीपासून होता आणि मी फक्त त्याला खडू दिला.

मी बाहेर पायरीवर गेले आणि पत्र्याला हात लावला. त्या सोडेनात. आम्ही दोघी एकाच पत्र्याला धरून उभ्या.

मी म्हटलं, "मावशी, द्या. दादा तुमची चौकशी करत होते."

मोठ्यानं म्हटलं. आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

सोजरबाईंनी पत्रा सोडला.

पुतळाबाईंनी आपला डबा उचलला. जाताना फक्त मामांना "येते" म्हणाल्या. त्यांच्यामागं दोघी गेल्या. तिसरी उठली, स्वतःच्या लावून झालेल्या पत्र्याकडे तिनं पाहिलं, "आता ह्यो कुटं न्यू?" म्हणाली आणि परत बसली. तिला पाहून आणखी चौघी बसून राहिल्या. दुकान राहील की नाही ते दिवाळीनंतर शेठ ठरवतील. त्यांना मी सगळं लिहून कळवणार आहे, फळ्यासकट.

पाव बाहेर काढल्याबरोबर मी मामांना म्हटलं, घाला. ते म्हणाले, "बाई, जरा आच उतरू द्या." मी ऐकलं नाही. फावडं त्यांच्या हातातून घेऊन पत्रा स्वतः आत सारला.

करपल्याचा वास माझ्याआधी बायकांना आला. पत्रा ओढला तर कडेच्या साऱ्या ओळी काळ्या, मधल्या तेवढ्या तांबूस. कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ती चूक. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

सोजरबाई आत आल्या. आजवर त्या काउंटरच्या आत आल्या नव्हत्या. त्यांनी पत्र्यावर वाकून पाहिलं, एक काळी उचलली, फुंकर मारून चावली.

"आगं आई," त्या म्हणाल्या, "पयल्या नंबरची चव आशी आस्ती व्हय?"

आधी मामा हसले. मग ती उठून परत बसलेली बाई हसली, आणि मग बहुतेक सगळ्याच.

मी म्हटलं, मावशी, माझी चूक आहे, दुकानाच्या मैद्याचा दुसरा पत्रा लावून देते. त्यांनी मान हलवली. काळ्या, तांबूस, सगळ्या एकेक करून डब्यात भरल्या, पत्र्याला चिकटलेला चुराही नखानं काढून घेतला, आणि झाकण दाबून लावलं.

"दे आता त्या बाईचा पत्रा आत," त्या मला म्हणाल्या. "दुसरा नंबर तिचा हाय."